वकिली कामात एआय वापरताना या चुका टाळा

एआयने दिलेला निवाडा खरा आहे का, हे त्याच एआयला विचारणे ही सर्वांत घातक चूक. न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयातील ‘माटा विरुद्ध एव्हिआन्का’ खटल्यात वकिलाने हेच केले. चॅटजीपीटीने अस्तित्वात नसलेले निवाडे रचून दिले, विचारल्यावर ते खरे असल्याची ग्वाहीही दिली. जून २०२३ मध्ये दोन वकील आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड झाला. एआय वापरण्यात मुळात काही गैर नाही, असे न्यायाधीशांनी त्याच आदेशात म्हटले. शंका घेतली गेल्यावरही वकील त्या निवाड्यांना चिकटून राहिले, हे त्यांना भोवले.

म्हणून खोट्या निवाड्याचा दाखला न्यायालयात दिला गेल्याचे लक्षात आले, तर त्याच दिवशी न्यायालयाला आणि विरुद्ध बाजूच्या वकिलांना कळवा, तो मागे घ्या आणि पक्षकारालाही सांगा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

निवाडा खरा, पण त्यात नसलेले तत्त्व त्याच्या नावावर खपवलेले, ही चूक पकडायला जास्त कठीण. मूळ निकालपत्र उघडा, तो परिच्छेद स्वतः वाचा, वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल नंतर फिरवला आहे का ते पाहा. खास वकिलांसाठीची साधनेही याला अपवाद नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये तपासलेली अशी साधने किमान सहांपैकी एका प्रश्नाला चुकीचे किंवा निराधार उत्तर देत होती.

पक्षकाराची कागदपत्रे जशीच्या तशी खुल्या चॅटबॉटमध्ये टाकू नका. नाव खोडले तरी तारखा, रकमा आणि घटनाक्रम यांवरून माणूस ओळखता येतो. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेच्या जुलै २०२४ च्या ५१२ क्रमांकाच्या औपचारिक मतानुसार, दिलेल्या माहितीवरून शिकत जाणाऱ्या साधनात पक्षकाराची माहिती टाकण्यापूर्वी त्याची समजून-उमजून दिलेली संमती हवी. पक्षकाराशी केलेल्या करारात घुसडलेले साचेबद्ध वाक्य पुरत नाही. मला हा आग्रह अगदी रास्त वाटतो. पक्षकार वकिलाला जे सांगतो, ते अनेकदा घरच्यांनाही सांगितलेले नसते.

ज्युनिअरने एआयकडून मसुदा करून घेतला, तरी सही करणाऱ्यालाच जाब द्यावा लागतो. तेव्हा कोणता भाग एआयचा आहे, हे सहीपूर्वी विचारून घ्या.

आणि तासांवर फी घेत असाल, तर एआयमुळे वाचलेले तास बिलात लावू नका. प्रत्यक्ष लागलेला वेळ लावा. तपासणीचा वेळ त्यात येतोच.