एआयकडून कोड लिहून घेताना या चुका टाळा

कर्सर, कोपायलट किंवा क्लॉड कोडसारखं कोड लिहून देणारं एआय टूल हाताशी असलं की दादरच्या फुलवाल्याची ऑर्डर घेणारी वेबसाइट एका दुपारीही उभी राहते. पण पहाटे ४ वाजता आलेल्या ऑर्डरवर कालची तारीख पडली, तर? एआय बऱ्याचदा तारखेसाठी जावास्क्रिप्टचं 'टू-आयएसओ-स्ट्रिंग' हे फंक्शन वापरून पहिली १० अक्षरं कापून घेतो. ही वेळ यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत 'काल'च, आणि फूल बाजाराची गर्दी नेमकी तेव्हाची! दुपारी तपासणाऱ्याला ही चूक दिसणारच नाही. टाइमझोन 'एशिया/कोलकाता' असा कोडमध्येच लिहा आणि घड्याळ पहाटे ३ वर नेऊन चाचणी घ्या.

दुसरा घोळ जुन्या माहितीचा. वेबसाइटचं रूप सजवणाऱ्या टेलविंडची चौथी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये आली, त्यात सुरुवातीची मांडणी करून देणारी जुनी 'इनिट' कमांड राहिली नाही. तरी एआय तीच देतो. एरर पेस्ट केला की आणखी दोन पॅकेजं (तयार कोडचे संच) टाकायला सांगतो, आणि गुंता वाढतो. आधी पॅकेजांची यादी असलेली 'पॅकेज डॉट जेसन' फाइल दाखवा, आवृत्ती सांगा. तोच एरर पुन्हा आला तर वाद घालू नका. नवं चॅट उघडा आणि अधिकृत डॉक्युमेंटेशनमधला उतारा द्या. सुचवलेलं पॅकेज एनपीएमवर, म्हणजे पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यात, खरंच आहे का, कोणाचं आहे, तेही बघा. एआयने कल्पनेतून काढलेल्या नावांनी हल्लेखोर तिथे घातक पॅकेजं टाकून ठेवू शकतात.

आता ऑफिसच्या वायफायवरून उठा. ठाण्याहून सुटलेली एक्सप्रेस पारसिक बोगद्यात शिरली, नेटवर्क गेलं, ग्राहकाने 'ऑर्डर करा' पुन्हा दाबलं: दोन ऑर्डरी. बटण बंद करून भागत नाही, पान रिफ्रेश झालं की ते परत चालू. प्रत्येक ऑर्डरला ब्राउझरमध्येच आयडी द्या, तो जपून ठेवा, आणि तोच आयडी दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने जुनंच उत्तर परत पाठवावं. एआयला हे मुद्दाम सांगावं लागतं. पैसे मिळाल्याची खात्रीही 'धन्यवाद'च्या पानावरून करू नका. पेमेंट गेटवे तुमच्या सर्व्हरला थेट पाठवतो त्या संदेशाची (वेबहुक) डिजिटल सही सर्व्हरवर तपासा.

राहिल्या गुप्त कीज, म्हणजे इतर सेवा वापरण्यासाठीचे पासवर्डसारखे कोड. नेक्स्ट डॉट जेएसमध्ये बांधलेल्या साइटवर 'नेक्स्ट पब्लिक'ने सुरू होणारं व्हेरिएबल ब्राउझरमध्ये कोणालाही वाचता येतं. की चुकून गिटवर (कोडचा इतिहास जपणारी प्रणाली) गेली असेल तर फाइल पुसून उपयोग नाही, जुन्या कमिटमध्ये, म्हणजे आधीच्या नोंदीत, ती राहतेच. आधी की रद्द करा, मग नवी काढा.