घरचा प्रिंटर महागात का पडतो? या चुका टाळा

सोलापूरच्या नवी पेठेत प्रिंटर बघायला गेलेलं गिऱ्हाईक आधी मशिनचा भाव विचारतं. खरं विचारायला हवं ते असं, की काळं कार्ट्रिज, म्हणजे शाईची डबी, केवढ्याला आणि त्यात पानं किती निघतात? समजा कार्ट्रिज 900 रुपयांचं आणि पानं 150, तर कागद सोडून पान 6 रुपयांना पडलं. त्यापेक्षा कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला बरा. खोक्यावरचा पानांचा आकडासुद्धा साधारण 5 टक्के भाग छापलेल्या पानाचा असतो. पोरांचं रंगीत प्रोजेक्ट त्या हिशोबात कुठलं बसायला!

सोलापुरात दुसरी गोम उन्हाची. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी, आणि इंकजेटची, म्हणजे शाईचे थेंब उडवून छापणाऱ्या प्रिंटरची, शाई बहुतेक पाण्यातली. सुट्टीत घर महिनाभर बंद राहिलं की हेडच्या, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाच्या, केसाहून बारीक नोझलमध्ये (भोकांमध्ये) ती वाळून बसते आणि पानावर पांढऱ्या रेघा उमटतात. मग लोक 'हेड क्लीनिंग'चं बटण दाबत सुटतात. ही सगळ्यात महागडी चूक. प्रत्येक क्लीनिंगला चांगली शाई ओढून आतल्या शाई शोषणाऱ्या पॅडमध्ये टाकली जाते, आणि पॅड भरलं की मशिनच अडून बसतं. आधी नोझल चेकचं, म्हणजे भोकं मोकळी आहेत का ते दाखवणारं, पान काढा, एकदा क्लीनिंग करा, पुन्हा पान बघा. दोन-तीनदा करूनही रेघा राहिल्या तर रात्रभर थांबा; ओल मुरून वाळलेली शाई पुष्कळदा सुटते.

प्रिंटर थेट बोर्डावरून बंद करू नका. त्याचं स्वतःचं बटण दाबलं तरच हेड जागेवर जाऊन झाकलं जातं. खुडखुड थांबली की मग बोर्ड. छापताना लाइट गेली, तर आल्यावर एकदा चालू करून नीट बंद करा. आठवड्याला एक रंगीत पान काढलं तरी नोझल मोकळी राहतात. आणि प्रिंटर कूलरच्या झोतात ठेवू नका. कागद ओल धरतो, वाकतो, अडकतो, आणि शिव्या मात्र मशिनला.

कोणता घ्यावा? महिन्याला दहा-वीस पानंच लागत असतील तर माझ्या मते घेऊच नका. अर्ज, प्रश्नपत्रिका असं काळं-पांढरं आणि तेही मध्येच कधीतरी लागत असेल, तर मोनो लेझर, म्हणजे शाईऐवजी टोनरवर चालणारा, फक्त काळं छापणारा प्रिंटर. टोनर ही पावडर, ती वाळत नाही. फक्त तो घरच्या इन्व्हर्टरवर लावू नका. आतला हीटर तापताना एकदम जास्त करंट ओढतो. दर आठवड्याला रंगीत लागत असेल तरच इंक टँक, म्हणजे कार्ट्रिजऐवजी शाई भरायच्या टाक्या असलेला प्रिंटर. टाकीतली शाई खालच्या रेघेच्या आत जाऊ देऊ नका, नळीत हवा शिरते. घर बदलताना तो आडवा करून रिक्षात टाकू नका, नाहीतर शाई सीटवर सांडते आणि भाड्यापेक्षा धुलाई जास्त होते.