कुत्रा पट्टा ओढतो? आधी या चुका टाळा

"आमचा फार हट्टी आहे हो, फिरायला नेलं की हात उपटून काढतो" हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मी लगेच विचारतो, तो ओढतो तेव्हा तुम्ही काय करता? उत्तर ठरलेलं. "काय करणार, जातो त्याच्या मागे." झालं की मग! ओढलं की झाडापर्यंत पोचता येतं हे त्याला तुम्हीच शिकवलंय. पट्टा ताणलेला असताना तुम्ही टाकलेलं एकेक पाऊल म्हणजे त्याचं बक्षीस, तुमच्या खिशातल्या खाऊपेक्षा मोठं.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे "आज घाई आहे, आजच्या दिवस ओढू दे". आमचा लॅब्रेडॉर वर्षाचा असताना मी रोज सकाळी नेमाने शिकवायचो, पट्टा ताणला की मी खांबासारखा उभा, सैल झाला की चालायचं. पहिल्या दिवशी नुसतं कोपऱ्यापर्यंत जायला 20 मिनिटं लागली, लोक बघून हसत होते. तीन आठवडे झाले तरी गाडी पुढे सरकेना, उलट तो आधीपेक्षा जास्त जोर लावायला लागला. मग एकदा संध्याकाळी खिडकीतून बघितलं तर धाकटे बंधू फोन कानाला लावून मजेत चाललेत आणि कुत्रा नेईल तिकडे जातायत! म्हणजे माझ्या सगळ्या मेहनतीवर रोज संध्याकाळी पाणी. आणि कधीतरीच फळणारी सवय सुटायला जास्त अवघड असते, जुगाऱ्याचं होतं तसंच, आत्ता नाही लागला तर अजून थोडा जोर लावू.

भाऊ काही सुधारणाऱ्यातला नव्हता, म्हणून मी वस्तूच वेगळ्या केल्या. कॉलरला पट्टा लावला की नियम, हार्नेस (गळ्याऐवजी छाती-पाठीवर बसणारा पट्टा) घातला की सूट. हा फरक कुत्र्याला भावापेक्षा लवकर कळला. घाई असेल त्या दिवशी मी पण हार्नेसच घालतो.

दुसरी चूक मी स्वतः केलीये. तो ओढायचा, मी थांबायचो, तो वळून माझ्याकडे यायचा, मी खुशीत ट्रीट द्यायचो. चार दिवसांत साहेबांनी हिशोब लावला: ओढा, परत या, खा, पुन्हा ओढा. त्यामुळे आता परत आल्या आल्या काहीच देत नाही, शेजारून तीनचार पावलं नीट चालला की मगच, वाटाण्याएवढा तुकडा, तोही माझ्या पायाला लागून हात खाली धरून. पुढे हात करून दिलात तर तो तुमच्या पायात आडवा येणार आणि तुम्ही तोंडावर पडणार.

स्प्रिंगचा, लांब होत जाणारा पट्टा शिकवताना नकोच. तो कायम थोडा ताणलेला असतो आणि ओढलं की अजून मिळतो, म्हणजे उलटाच धडा. दीडदोन मीटरचा साधा पट्टा घ्या.

चोक चेन (ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी), काट्यांची कॉलर, झटके देणं, यावर माझं मत सरळ आहे, दोन दिवसांत निकाल पाहिजे असणाऱ्यांचे हे धंदे. गळ्याला इजा होऊ शकते, आणि पोमेरेनियनसारख्या छोट्या जातींमध्ये श्वासनलिका मुळात कमकुवत असण्याचं प्रमाण जास्त. छातीवर कडी असलेला हार्नेस बरा, ओढलं की कुत्रा बाजूला वळतो, पण तो काढला की ओढणं परत हजर, कारण शिकवलेलं काहीच नसतं.

थेट रस्त्यावर सुरुवात करू नका, आधी घरात, मग जिन्यात. दारातच उड्या मारत असेल तर दार बंद, शांत झाला की उघडायचं.

आणि हुंगू द्या हो त्याला! काही लोक कवायतीला नेल्यासारखे नेतात. मी तर हुंगणंच बक्षीस म्हणून वापरतो, दहा पावलं पट्टा सैल ठेवलास ना, मग "जा", तो खांब तुझा.

एक मात्र बघा, तो शेपूट आत घालून घराकडे ओढत असेल तर ते घाबरणं आहे, तिथे खांबासारखं उभं राहून काही होत नाही, ज्याला घाबरला त्यापासून आधी लांब न्या. आणि पट्ट्याचा ताण आला की खोकला येत असेल तर शिकवणं थांबवा, आधी डॉक्टरांना दाखवा.