लिपिड रिपोर्ट आलाय? आधी शिवणाची टेप काढा

वहिनीचा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आला, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातल्या चरबीचा एक प्रकार, २१०, आणि तिचा पहिला प्रश्न काय तर याने ब्रेस्ट कॅन्सर होतो का गं? तर ऐका, कोलेस्टेरॉलचं आणि ब्रेस्ट कॅन्सरचं नातं अजून नीट जुळलेलं नाही, काही अभ्यास हो म्हणतात काही नाही. पाळी गेल्यावर अंगावर असलेल्या जास्तीच्या चरबीचं मात्र पक्कं आहे.

पाळी गेली की ओव्हरी इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं मुख्य हार्मोन, बनवणं जवळपास बंद करते, पण चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते दुसऱ्या हार्मोन्सपासून इस्ट्रोजेन बनवतच राहतं, म्हणजे चरबी जास्त तर इस्ट्रोजेनही जास्त, आणि ब्रेस्ट कॅन्सरच्या बऱ्याचशा गाठी त्यावरच पोसतात. ब्रेस्ट कॅन्सरवर देतात ती लेट्रोझोलची गोळी नेमकं हेच एन्झाइम अडवते. पाळी चालू असताना उलटं दिसतं, वजनदार बायकांना धोका थोडा कमी, पण म्हणून तिशीत वजन वाढवून ठेवू नका, नंतर ते उतरत नाही, माझ्याकडे बघा.

आता टेप, कंबर मोजायला. परकराची नाडी बांधतो तिथे नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायची, श्वास सोडायचा आणि पोट आत ओढायचं नाही (सगळ्याच ओढतो). आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटीमीटरची रेघ धरतात, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या वर गेला तरी जास्तच.

मग रिपोर्ट बघा. ट्रायग्लिसराइड १५० च्या खाली आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ५० च्या वर हवं. आदल्या रात्री लग्नाचं जेवण झालं असेल तर टेस्ट पुढे ढकला. ट्रायग्लिसराइड जास्त, एचडीएल कमी आणि कंबर सुटलेली, असं तिन्ही एकत्र असेल तर बहुतेक इन्सुलिन नीट काम करत नाहीये, साखर मैदा कमी करा, रोज भरभर चाला, शुगरही तपासून घ्या.

ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेल्यांनी एक लक्षात ठेवा, टॅमोक्सिफेनच्या गोळीने एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) उतरतं पण काहींचं ट्रायग्लिसराइड चढतं, त्यामुळे रिपोर्ट ऑन्कोलॉजिस्टला (कॅन्सरच्या डॉक्टरांना) दाखवा, गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

आणि लिपिड नॉर्मल आलं म्हणजे छाती तपासायची गरज नाही असं नसतं हां. मुंबईत टाटा मेमोरियलने २० वर्षं अभ्यास केला, ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन नुसत्या हाताने तपासायच्या, तेवढ्यानेही पन्नाशीपुढच्या बायकांमधले ब्रेस्ट कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. वहिनीची अपॉइंटमेंट मंगळवारी घेतलीय, सोबत माझीही.