एकट्याला कडेला नको, अख्खा वर्गच खाली बसवा

खेळाचा तास लागला की दिव्यांग पोराला स्कोर लिहायला बसवायचं, हे आमच्या खानापूर-निपाणीकडच्या कितीतरी शाळांत बघितलंय मी, पोरगं वहीत आकडे मांडतंय आणि नजर सगळी मैदानात. लई वाईट वाटतं ओ. हे बदलायला फार पैसे लागत नाहीत.

आधी त्या पोरालाच विचारा, काय खेळावंसं वाटतं, कुठं दुखतं. मग आईला विचारा, फिट येतात काय, डॉक्टरनी काही बंद सांगितलंय काय. बीआरसीत, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या केंद्रात, समावेशक शिक्षणाचे टीचर असतात त्यांनाही एकदा बोलवून घ्या.

पायाचा त्रास असेल तर बसून व्हॉलीबॉल घ्या, आणि सगळ्यांनाच बसवा. नियमाचं कोर्ट 10 बाय 6 मीटर, नेट पुरुषांना 1.15 मीटर आणि बायकांना 1.05, पण शाळेत दोरीवर जुनी साडी टाकली तरी चालतंय, बसल्या जागी हात पोचेल एवढीच उंच ठेवा. आमच्या लाल मातीत खडे टोचतात म्हणून खाली भाताची पिंजर, वर ताडपत्री. नियम मुख्य एकच, बॉल मारताना बूड जमिनीवरून उचलायचं नाही. पळण्यात पुढं असणारी पोरं इथं पहिल्यांदा गडबडतात, आणि रोज हातावर सरकणारं पोरगं सरसर बॉलखाली जातं, तेव्हा त्याचं तोंड बघा.

दिसत नसेल तर गोलबॉल, म्हणजे सरपटत येणारा बॉल आवाजावरनं अडवायचा खेळ, 3-3 जण, सगळ्यांच्याच डोळ्याला पट्टी. खऱ्या बॉलमध्ये घुंगरं असतात, तो नसेल तर फुटबॉल प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा, जमिनीवरून सरपटताना खरखर वाजतोय. बघणाऱ्यांनी मात्र गप्पच बसायचं, नाहीतर बॉल ऐकू कसा येणार?

हात नीट चालत नसतील तर बोचिया. पांढऱ्या बॉलच्या जवळात जवळ आपले बॉल टाकायचे. पीव्हीसी पाईप उभा चिरून पन्हाळ करा, त्यातनं पोरगं बॉल नुसता ढकलून सोडेल. पाईप कुठं वळवायचा ते त्यानंच सांगायचं, धरणाऱ्यानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

घरचे "पडला तर?" म्हणतील. त्यांना सांगलीकडच्या पेठच्या मुरलीकांत पेटकरांचं सांगा, 1965 च्या लढाईत गोळ्या लागल्या आणि 1972 च्या पॅरालिम्पिकला पोहण्यात गोल्ड आणलं. आणि पहिल्या दिवशी आईला मैदानाच्या कडेला बसवूनच खेळ सुरू करा.

टीम पाडताना चिठ्ठ्या टाका, "तू घे याला" हे त्या पोराच्या कानावर पडायला नको.