पुण्याच्या मे महिन्यात फरशी गार कशी? एनर्जीप्लसमधला माझा अनुभव

पुण्यातल्या एका बैठ्या शाळेचं एनर्जीप्लस (इमारतीतली उष्णता आणि ऊर्जावापर मोजणारं सिम्युलेशन सॉफ्टवेअर) मॉडेल चालवत होतो. एसी नाही, फक्त पंखे आणि खिडक्या. तरी मे महिन्यात भर दुपारी वर्ग छान गार! काचा, वायुवीजन, छताचे थर, सगळं तपासलं, ठीक होतं. एरर फाइलमध्येही गंभीर असं काही नव्हतं.

मग फरशीच्या आतल्या पृष्ठभागाचं तापमान आउटपुटमध्ये मागवलं आणि गाठ सुटली. फरशीची खालची बाजू 'ग्राउंड'ला जोडलेली, पण जमिनीचं तापमान मॉडेलमध्ये कुठेच दिलेलं नाही. अशा वेळी एनर्जीप्लस बाराही महिने 18 अंश सेल्सिअस धरतं. थंड देशातल्या एसी इमारतीला ते कदाचित चालून जाईल. पुण्यात मात्र वर्गाखाली फुकटचा कूलर लावल्यासारखं होतं. ईआयओ फाइल (रनमध्ये धरलेली गृहीतकं एनर्जीप्लस जिथे लिहून ठेवतं ती) उघडली, तर तिथे ओळीने 18 छापलेलं होतंच.

वेदर फाइलच्या (मॉडेलला दिलेल्या हवामानाच्या फाइलच्या) शीर्षातले जमिनीचे आकडे उचलून टाकायचा मोह होतो. टाकू नका. ते मोकळ्या जमिनीचे असतात, इमारतीखालच्या नव्हे.

मी पायथनमध्ये एपी (eppy, एनर्जीप्लसच्या फाइल्स बदलणारी) लायब्ररी वापरून जमिनीला टेकलेल्या सगळ्या फरश्या शोधल्या, त्यांची आउटसाइड बाउंडरी कंडिशन (खालची बाजू कशाला लागून आहे ते) 'फाउंडेशन' केली, फाउंडेशन:किवा (जमिनीतून होणारी उष्णतेची देवाणघेवाण मोजणारा एनर्जीप्लसचा भाग) जोडलं आणि प्रत्येक फरशीची उघडी परिमिती (बाहेरच्या बाजूला असलेल्या कडांची लांबी) दिली (ती राहिली तर रन अडतो). रनला वेळ जास्त लागतो, हे खरं. पण फरशीचं तापमान आता ऋतूप्रमाणे हलतं आणि मे महिन्यातला वर्ग पुण्यातला वाटतो.