स्तनात गाठ हाताला लागली तर काय करावं

इंदूरच्या रामबागेत काय किंवा लोकमान्य नगरात काय, अशी गाठ लागली की बाई आधी बहिणीला सांगते, मग वहिनीला. डॉक्टरचं नाव शेवटी येतं. खरं तर स्तनातल्या बहुतेक गाठी, त्यातही तरुण वयातल्या, कर्करोगाच्या नसतात. पण तुमची गाठ त्यांतलीच आहे का, हे हाताला कळत नाही. वहिनीच्याही नाही आणि अनुभवी सर्जनच्या नुसत्या हातालाही नाही.

आधी एका कागदावर लिहा: कोणती बाजू, कुठे, कधी जाणवली, शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली. पाळीच्या आधी हार्मोन्समुळे स्तन जड आणि गाठाळ लागतात, दुखतातही. वय तिशीच्या आत असेल आणि दुसरी कुठलीच खूण नसेल, तर पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी पुन्हा तपासा. तेव्हाही गाठ असेल तर दाखवायलाच हवी. पाळी बंद झालेल्यांनी मात्र अजिबात थांबू नये. कातडीला खळगा पडला, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं किंवा काखेत गाठ लागली, तर कोणत्याच वयात थांबू नये. 'दुखत नाही ना, मग काही नाही' हा घराघरांतला सल्ला विसरा. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

जायचं कुठे? बायका सवयीनं बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे जातात. हरकत नाही, पण स्तनाच्या गाठी हे काम सर्जनचं. इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलला जाणार असाल तर पर्ची सर्जरी विभागाची काढा.

तिथे तपासणीचे तीन भाग असतात. डॉक्टर हातानं तपासतात, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) होते आणि गरज पडली तर सुईची तपासणी. तरुण वयात स्तन घट्ट असल्यानं मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, म्हणून आधी सोनोग्राफी. चाळिशीनंतर साधारणपणे दोन्ही. जाड सुईनं तुकडा घेताना जागा बधिर करतात. सुई लावल्यानं रोग पसरतो, ही भीती खोटी आहे, आणि तिच्यापायी तपासणी टाळणाऱ्या बायका पाहिल्या की वाईट वाटतं.

आता सोनोग्राफी-मॅमोग्राफीचा रिपोर्ट. त्यात 'बाय-रॅड्स' (संशय किती, याची प्रतवारी) असं लिहून पुढे एक आकडा असतो. शून्य पाहून पेढे वाटू नका. शून्य म्हणजे चित्र अपुरं, आणखी तपासणी हवी. १ म्हणजे काही सापडलं नाही, २ म्हणजे जे दिसतं ते साधं. ३ म्हणजे बहुधा साधं, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांच्या आत. अशा वेळी सहसा सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करतात. ती तारीख चुकवू नका. याच टप्प्यावर लोक ढिले पडतात. ४ किंवा ५ असेल तर तुकडा तपासावा लागतो. ४ म्हणजे कर्करोग ठरला असं नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही.

साध्या गाठींत सर्वांत नेहमीची फायब्रोअॅडिनोमा. विशी-तिशीत दिसते, रबरासारखी, गोटीसारखी बोटाखालून निसटते. तपासणीत तीच ठरली तर काढलीच पाहिजे असं नाही. वाढत असेल, फार मोठी असेल किंवा मनाला स्वस्थता देत नसेल तर काढतात. पस्तिशी ते पन्नाशीत पाण्याच्या गाठी होतात. साध्या असतील तर तशाच ठेवतात, दुखत असतील तर सुईनं पाणी काढतात. रक्त निघालं तर ते तपासायला पाठवतात. मार लागल्यावर चरबीची कडक गाठ होते आणि ती हाताला हुबेहूब कर्करोगासारखी लागू शकते, म्हणून तिचीही तपासणी हवी. अंगावर पाजणाऱ्या आईला लाल, गरम, दुखरी गाठ आणि ताप आला तर लेप लावून बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. अशा वेळी पाजणं सहसा थांबवावं लागत नाही.

तुकड्याच्या रिपोर्टमध्ये 'अॅटिपिकल' (म्हणजे पेशी नेहमीसारख्या नाहीत) हा शब्द असेल तर तो कर्करोग नव्हे, पण पुढे तो होण्याचा धोका वाढलेला असतो. पुढची तपासणी किती वर्षं आणि कितीदा, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. दर खेपेला जुन्या फिल्म आणि रिपोर्ट सोबत न्या. गाठ वाढली की नाही, हे मागच्या मापाशी ताडूनच सांगता येतं.